जुना फिल्टर आणला का?

“जुना आणला का?”

सौंसरच्या बसस्टँडजवळच्या त्या दुकानात कुठलाही फिल्टर मागा, पहिला प्रश्न हाच. मोटरसायकलचा असो, ट्रॅक्टरचा असो, नाहीतर घरच्या पिण्याच्या पाण्याचा. जुना हातात आला की दुकानाचे मालक काकाजी काउंटरवर वर्तमानपत्राचा कागद पसरत, त्यावर फिल्टर दोनदा आपटत, चष्मा कपाळावर चढवत आणि खाली पडलेला कचरा बोटाने पसरून पाहत. ते झाल्याशिवाय नवा फिल्टर कपाटातून बाहेर निघत नसे. मी शाळेत मास्तर, मधल्या सुट्टीत घाईने गेलेलो असायचो, त्यामुळे मला हा सोहळा फार जाचायचा.

पण कचऱ्यावरून त्यांना सगळं कळायचं. रामाकोन्याच्या एका शेतकऱ्याचा हवेचा फिल्टर त्यांनी असाच आपटला आणि विचारलं, “ट्रॅक्टर कापसाच्या गंजीपाशी लावून राह्यले का?”

तो चमकलाच. “तुमाले कोनं सांगतलं?”

काकाजींनी कागदावरचे पांढरे तंतू त्याच्यापुढे सरकवले. “जागा बदला. नाहीतर पुढच्या महिन्यात पुन्हा याल.”

सावरगावच्या एका गृहस्थांनी तर कागदी फिल्टर साबणाच्या पाण्यात धुऊन, चिमटा लावून तारेवर वाळत घातला होता. त्याच्या घड्या पार मोकळ्या झाल्या होत्या. काकाजींनी तो दोन्ही हातांनी उंच धरला आणि गंभीरपणे म्हणाले, “इस्त्री करायची राह्यली जी याची.” दुकानातले सगळे हसले, ते गृहस्थही हसले.

पांढुर्ण्याहून एक बाई पाणी शुद्ध करायचं मोठं मशीन घ्यायला आल्या होत्या. काकाजींनी त्यांना घरच्या पाण्याची बाटली आणायला परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी काकाजींनी ते पाणी घोटभर चाखलं आणि साधी कँडलवाली टाकी पुढे ठेवली. “पण शेजारच्यांनी मशीन घेतलं ना,” बाई म्हणाल्या. “त्यांच्या बोअरचं पाणी खारं असंल. तुमचं गोड हाय. गोड पाण्याले मशीन कायले?” दुकान चालवायची ही कुठली रीत, तुम्हीच सांगा. पण ते चालत होतं.

आता माझी गोष्ट सांगतो, आणि त्यात माझी शोभाच झाली.

आमचा संत्र्याचा बगीचा, पाणी ठिबकच्या नळ्यांनी. शाळा सांभाळून मी जमेल तसा पाहतो, पण खरा जीव बाबांचा. त्या उन्हाळ्याच्या तोंडावर बगीच्याच्या खालच्या टोकाची झाडं पिवळी पडायला लागली. शेंडे वाळले. बाबा रोज त्या ओळींतून फिरून यायचे आणि अर्ध्या जेवणावरून उठायचे. ती झाडं त्यांनी आणि आईने मिळून लावलेली. एक दिवस ते म्हणाले, “रोग हाय. वरच्या झाडाइले लागाच्या आत काढून टाकू.” झाडं कापणाऱ्या मशीनवाल्याला त्यांनी रविवारचं सांगितलंसुद्धा.

शुक्रवारी मी घरच्या पाण्याच्या फिल्टरची कँडल घ्यायला दुकानात गेलो आणि बोलता बोलता हे काकाजींना सांगितलं. खिशातून पिवळी पानं काढून दाखवली. त्यांनी पानांकडे पाहिलंही नाही.

“ड्रीप हाय ना? नळीचं शेवटचं टोक खोला. जे निघंल ते डब्यात घेऊन या, मास्तर.”

संध्याकाळी मी डबा घेऊन हजर झालो. काकाजींनी तो कागदावर उपडा केला. जाड कण, पानांचे तुकडे, शंखाची टरफलं, शेवाळाचे धागे. ते बराच वेळ बोट फिरवत राहिले.

“फिल्टरची जाळी कुठं हाय?”

जाळी मी काढली होती. हिवाळ्यात तिच्यात कचरा अडकून पाण्याचा जोर कमी झाला, तेव्हा मी ती काढून पंपाच्या खोलीत फेकली आणि झाकण परत बसवलं. पाणी धो धो यायला लागलं. आधी रेतीची टाकी आहेच, तिच्यातून पाणी गाळून येतंच, मग जाळी हवी कशाला, असा माझा शहाणपणा. बाबांना सांगायची हिंमत झाली नव्हती. म्हणजे झाडांना रोग नव्हताच, त्यांना पाणीच पोचत नव्हतं. आणि माझ्यामुळे बाबा स्वतःच्या हातची झाडं कापायला निघाले होते. मला काउंटरवरच रडू येईल असं वाटलं.

काकाजी ओरडले नाहीत. “अन् रेतीची टाकी?”

“ती ठीक आहे जी. तिच्याकडे बाबा पाहतात.”

“हो का,” म्हणाले, आणि नवी जाळी कागदात गुंडाळून दिली. “उद्या सकाळी सात वाजता बगीच्यात राहा. मी येतो लावाले. तवरक बाबाले काही बोलू नका.”

शनिवारी सातच्या आधीच मी जाळी पिशवीत लपवून बगीच्यात गेलो. पंपाच्या खोलीपाशी बाबा उभे होते. पायाशी एक पोतं. ते पोतं त्यांनी पायाने मागे सरकवलं आणि मी पिशवी पाठीमागे धरली.

“तू कायले आला?”

“तुम्ही कशाला आलात?”

पोत्याच्या तोंडातून फिल्टरची रेती सांडली होती. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“टाकी रिकामी हाय रे,” ते हळूच म्हणाले. “दिवाळीनंतर धुवाले काढली रेती. बिना रेतीनं पाणी लय जोरात ये. म्हटलं, जाळी तर हाय ना पुढं.”

मी पिशवीतून जाळी काढून त्यांच्यापुढे धरली.

बाबा पोत्यावरच बसले आणि खांदे हलवत हसू लागले. मीही हसलो, आणि हसता हसता माझे डोळे भरून आले. गुरुवारी, माझ्या एक दिवस आधी, ते दुकानात जाऊन आले होते. त्यांनाही काकाजींनी हेच सांगितलं होतं: ‘शनिवारी सात’ आणि ‘मास्तरले बोलू नका’.

आम्ही काकाजींची अर्धा तास वाट पाहिली. मग मी फोन केला.

“मी कायले येऊ? दोघं हाय ना तुमी,” ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

पुढच्याच वर्षी दुकान बंद करून ते लेकीकडे छिंदवाड्याला राहायला गेले. आमचा बगीचा त्यांनी शेवटपर्यंत पाहिला नाही.

त्या सकाळी बाबांनी टाकीत रेती भरली, मी जाळी बसवली. मग एकेका नळीचं टोक उघडून आम्ही पाणी सोडलं. आधी काळं आलं, मग गढूळ, मग स्वच्छ. बुजलेले ड्रिपर बदलता बदलता ऊन चढलं. अगदी खालच्या झाडाच्या बुडाशी थेंब पडायला लागले, तेव्हा बाबांनी वाकून ओल्या मातीवर हात ठेवला. बराच वेळ तो तसाच होता.

“मशीनवाल्याले फोन लाव,” ते म्हणाले. “म्हनाव, उद्या येऊ नको.”