तबक माझ्या हातात होतं

"अगं, त्यांना नको. पुढे चल."

मेधाकाकू हे ओरडून बोलल्या नाहीत. चिडूनही नाही. उसळीत मीठ कमी आहे असं सांगावं, तसं म्हणाल्या.

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. अमेरिकेत, पार्सिपनीतलं त्यांचं मोठं घर. खालची फॅमिली रूम काळ्या साड्यांनी भरलेली. मी कॉलेजच्या सुट्टीत घरी आले होते, म्हणून आईबरोबर मदतीला गेले होते. काकूंनीच माझ्या हातात तबक दिलं होतं. "तू लाव गं सगळ्यांना. कुमारिकेच्या हातून छान वाटतं." मी एकेकीसमोर वाकत होते. आधी हळद, मग कुंकू. सोफ्याच्या टोकाला माझी आई बसली होती.

ती बसणार नव्हतीच. सकाळपासून ती त्यांच्या किचनमध्ये उभी होती. गुळाच्या पोळ्या, मसालेभात, मटकीची उसळ, सगळं तिच्या हातचं. चहाचा ट्रे घेऊन ती बाहेर आली तेव्हा कुणीतरी म्हणालं, "बसा हो जरा. किती उभ्या राहाल." म्हणून ती टेकली. नुसती कडेला.

माझं बोट कुंकवात होतं. आईने मान किंचित वर केली होती. तेव्हा काकूंचा आवाज आला.

मी पुढे गेले.

आईच्या शेजारी बसलेल्या बाईला मी कुंकू लावलं. माझा हात थरथरलासुद्धा नाही.

आई लगेच उठली. टीपॉयवरचे कप गोळा करायला लागली. तिला कुणी काही विचारलं नव्हतं. तरी ती म्हणाली, "मी कपच न्यायला आले होते."

निघताना काकूंनी तिच्या हातात एक कागदी पिशवी दिली. "सुमनताई, तुमचं वाण वेगळं ठेवलंय हं. घरी जाऊन उघडा." आत तोच स्टीलचा डबा होता, जो सगळ्यांना मिळाला होता. फक्त तो सगळ्यांसमोर द्यायचा नव्हता.

माझे वडील जिवंत आहेत. ते टेक्ससला, शुगर लँडमध्ये राहतात. इथे एका इंडियन रेस्टॉरंटमध्ये कुक म्हणून आले, मागून आई आणि मी आलो. मी शाळेत असताना ते दुसऱ्या बाईबरोबर निघून गेले. मग घटस्फोट झाला. आता त्यांचं स्वतःचं केटरिंग आहे. तिथल्या गणपतीत आरतीचं ताट त्यांच्या हातात असतं. फोटो येतात. सिल्कचा कुर्ता, शेजारी नवी बायको, कपाळावर लाल टिळा.

घटस्फोट त्यांचाही झालाय. त्यांचा टिळा कुणी वगळला नाही.

आई घरी टिकली लावते. लहानशी, मरून रंगाची. पण कुणाकडे सणाच्या स्वयंपाकाच्या ऑर्डरला जायचं असलं की गाडी पार्क केल्यावर ती समोरचा आरसा खाली ओढते, टिकली काढते आणि आरशावर चिकटवते. परत येताना पुन्हा लावते. हे मी लहानपणापासून बघत आले. का, ते कधी विचारलं नाही. मला वाटायचं, किचनमध्ये घाम येतो म्हणून.

जानेवारी संपला, मी कॉलेजला परत गेले. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. वर्गात बोलायची मला भीती वाटते. बाकीची मुलं असं बोलतात जणू पुस्तकं त्यांच्या घरातलीच आहेत. मी आधीच वाक्य जुळवून जाते, आणि माझी पाळी येईपर्यंत विषय बदललेला असतो.

त्या सेमिस्टरला एक जुनी अमेरिकन कादंबरी होती. प्युरिटन लोकांच्या गावाची. एका बाईला नवऱ्यावाचून मूल झालं. गावाने तिला छातीवर लाल अक्षर लावून हिंडायची शिक्षा दिली. तान्ही मुलगी कडेवर घेऊन ती चौथऱ्यावर उभी राहते, खाली सगळं गाव. त्या मुलीचा बाप वर सज्जात उभा आहे, गावच्या मोठ्या माणसांबरोबर. तिला बापाचं नाव विचारायचं काम त्याच्यावरच येतं. ती सांगत नाही. आणि ते अक्षर तिने सोन्याच्या दोऱ्याने इतकं सुंदर भरलेलं असतं की लोक बघत राहतात.

प्रोफेसरबाईंनी विचारलं, "हे चिन्ह कोणाचं? गावाचं की बाईचं?"

मी हात वर केला. का केला, कोण जाणे. म्हणाले, "आमच्यात उलटं आहे. चिन्ह लावत नाहीत. लावायचं टाळतात."

आणि मी सगळं सांगितलं. कुंकू म्हणजे काय, तबक म्हणजे काय. बायकांची रांग, सोफ्याचं टोक, कप.  एक मुलगी डोळे पुसत होती. प्रोफेसरबाई म्हणाल्या, "थँक यू. दॅट वॉज व्हेरी पॉवरफुल."

मला फार बरं वाटलं. हे लिहायला जड जातंय, पण खरं आहे. त्या वर्गात पहिल्यांदा मला वाटलं, मी इथली आहे.

पेपरही मी त्याच्यावरच लिहिला. चांगली ग्रेड मिळाली. मग प्रोफेसरबाईंनी ऑफिसात बोलावलं. एप्रिलमध्ये डिपार्टमेंटचा कार्यक्रम असतो, निवडक पेपर वाचतात, लोक येतात. "तुझा पेपर हवाच." मग जरा पुढे झुकून म्हणाल्या, "तुझी आई येऊ शकेल का? त्या विधीत काय करतात ते थोडं दाखवता आलं, तर लोकांच्या मनाला भिडेल."

बाई चांगल्या आहेत. माझं वाईट व्हावं असं त्यांना अजिबात वाटत नाही. मेधाकाकूंनाही वाटत नाही.

मी म्हणाले, "मी विचारते."

शनिवारी घरी गेले. आई पोळ्यांची ऑर्डर करत होती. मी टेबलाशी बसून कार्यक्रमाचं सांगितलं, पेपर काढला आणि एकेक वाक्य मराठीत सांगत गेले. तिला इंग्रजी कामापुरतं येतं, असला पेपर वाचण्यापुरतं नाही. ते मला सोयीचं होतं, हे तोवर मला कळलं नव्हतं.

आई लाटत होती, तव्यावर टाकत होती. मधेच लाटणं थांबलं.

"म्हणजे माझं कपाळ तू वर्गात दाखवलंस?"

"तसं नाही गं. सगळ्यांना तुझी बाजू पटली. सगळे तुझ्याच साइडने होते."

"मला कुठे कळलं ते? मी होते का तिथे?"

 तवा धुरायला लागला होता. तिने गॅस बारीक केला.

"पुन्हा वाच. ते कुंकवाचं."

मी वाचलं. बायकांच्या रांगेत माझ्या आईला वगळण्यात आलं.

"कुणी वगळलं?"

"काकूंनी."

"काकू तर सोफ्याच्या त्या टोकाला होत्या." तिने पोळी उलटली. "तबक कुणाच्या हातात होतं?"

मी पेपर बघितला. तीन वेळा वाचून, व्याकरण तपासून दिलेला पेपर. त्यात काकू होत्या, सोफा होता, काळ्या साड्या होत्या, कपसुद्धा होते. मी नव्हते. वगळण्यात आलं. जणू आपोआप. वडीलही नव्हते. त्यांच्याबद्दल एक ओळ नाही. मी माझ्या आईला एकटीला चौथऱ्यावर उभं केलं होतं, आणि खाली उभं राहून तिच्याबद्दल छान बोलत होते.

मी त्या कादंबरीभर आईला शोधत होते. ती बाई म्हणजे आई, हे मला पहिल्याच पानावर पटलं होतं. मी कोण, हे बघितलंच नाही. त्या बाईला तुरुंगातून बाहेर आणताना पुढे एक माणूस चालतो. त्याचा तिच्यावर राग नसतो. तो फक्त वाट करून देतो. त्याच्याबद्दल वर्गात कुणी बोललं नाही. मीही नाही. चिन्ह काय आहे यावर आम्ही तास घालवला. ते कुणाच्या हातून लागतं, कुणाच्या हातून टळतं, यावर मिनिटसुद्धा नाही.

प्रोफेसरबाईंना मी ईमेल केला. आई येणार नाही, मीही वाचणार नाही. त्यांचं उत्तर आलं. त्यांना वाईट वाटलं होतं, आणि त्यांनी कारण विचारलं होतं. कारण मला इंग्रजीत नीट लिहिता आलं नाही. एवढंच लिहिलं की पेपरात एक व्यक्ती राहून गेली आहे, पुन्हा लिहून देते. दिला. ग्रेडचं काय झालं ते महत्त्वाचं नाही.

मग काकूंचा फोन आला. चैत्राचं हळदीकुंकू. "सुमनताई, आंब्याची डाळ आणि पन्हं तुमच्याच हातचं हं. आणि लेकीला आणा. काय छान तबक फिरवते."

गाडीत आई म्हणाली, "तिथे काही करू नकोस. त्यांच्या ओळखीवर माझ्या निम्म्या ऑर्डरी आहेत."

मी हो म्हणाले.

तिने गाडी पार्क केली, आरसा खाली ओढला, टिकली काढली. मी आरशाकडे बघितलं. चिकटून वाळलेल्या जुन्या टिकल्यांचे डाग होते. बरेच. इतकी वर्षं मी त्याच सीटवर बसत आले होते.

गौर छान सजवली होती. कलिंगडाची फुलं कापलेली, मोगऱ्याऐवजी दुकानातली पांढरी फुलं. बायका बसल्या होत्या. काकूंनी तबक माझ्या हातात दिलं. आई किचनच्या दारात पन्ह्याचे ग्लास भरत होती.

मी हळूच विचारलं, "काकू, आईलाही लावायचं ना?"

काकू तितक्याच हळू म्हणाल्या, "अगं, त्यांनाच ऑकवर्ड होतं. आपण कशाला."

"तुम्ही विचारलंत तिला?"

"हे बघ राजा, आत्ता नको हा विषय. सगळ्या बसल्यात."

"मग मी नाही फिरवणार."

तबक मी गौरीपुढे ठेवलं. त्याचा आवाज झाला, थोडासा. काकूंची मुलगी, इथेच जन्मलेली, माझ्याच वयाची, फोनमधून मान वर करून म्हणाली, "आई, व्हॉट हॅपन्ड?"

"नथिंग, बेटा. तिचा हात दुखतोय."

"माझा हात दुखत नाहीये," मी म्हणाले. "संक्रांतीला मी याच हाताने माझ्या आईला वगळलं. पुन्हा नाही वगळणार."

 एका बाईने पदर नीट केला. काकूंनी तबक उचललं आणि स्वतः फिरवलं. आधी हळद, मग कुंकू. सगळ्यांना लागलं. डाळ छान झाली होती, असं दोघीतिघी म्हणाल्या. काहीच कोसळलं नाही. मला वाटलं होतं, काहीतरी कोसळेल.

आईने दारातून सगळं पाहिलं. मग ग्लास भरायला आत गेली. मी तबक उचलून तिला कुंकू लावायला हवं होतं, असं तुम्हाला वाटेल. मलाही क्षणभर वाटलं होतं. पण तिला मी विचारलं नव्हतं. सगळ्यांसमोर तिच्या कपाळावर पुन्हा माझीच मर्जी लावायची, तर काकूंत आणि माझ्यात काय फरक.

 परत येताना सिग्नलला थांबल्यावर आई म्हणाली, "ऑर्डरी गेल्या आता."

"सॉरी, आई."

"माझ्यासाठी केलंस की तुझ्या पेपरसाठी?"

मी म्हणाले, "माहीत नाही."

सिग्नल सुटला. तिने गाडी पुढे घेतली. टिकली आरशावरच राहिली. तिने ती लावली नाही, आणि मी तिला लाव म्हटलं नाही.

ऑर्डरी खरंच कमी झाल्या. सगळ्या नाही, पण कळण्याइतक्या. माझ्यामुळे. संक्रांतीच्या दिवसाचंही माझ्यावर आहे आणि याचंही. दोन्हींतून सुटका मागत नाही.

हे मी मराठीत लिहिलं, कारण तो पेपर इंग्रजीत होता. हे आई वाचेल. पोळ्या झाल्यावर, हात धुऊन, चष्मा लावून. एखादं वाक्य नको म्हणाली तर ते काढेन. वडिलांची ओळ मात्र काढणार नाही. ती माझी आहे.

तिने कुंकू लावावं की नाही, हे ती ठरवेल. मी नाही, मेधाकाकू नाहीत, कुठला वर्ग नाही. पण बाईला वगळायला एक तबक लागतं, आणि तबक धरायला कुणाचातरी हात लागतो. बहुतेक वेळा आमच्यासारख्याच एखाद्या मुलीचा, मदतीला बोलावलेल्या.

माझा मिळणार नाही.