निळी बॅग

दोन्ही घरांनी मिळून दिराच्या गाडीतून बालाजीला जायचं ठरलं, तेव्हा माझी मुलगी सहा वर्षांची होती आणि मुलगा तीन. आम्ही मंठ्याला राहतो, दीर आणि धाकटी जाऊ संभाजीनगरला. जाऊन-येऊन आठ दिवसांचा प्रवास, म्हणून ती दोघं आपल्या चार वर्षांच्या मुलाला घेऊन आदल्या दुपारीच आमच्याकडे आली.

मी दोन दिवसांपासून चुलीपुढून हलले नव्हते. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा, सगळं डब्यांत भरून झालं होतं. कपडे मात्र हाताला येतील तसे मोठ्या बॅगेत कोंबत होते. जावेनं पलंगावर जाळीच्या छोट्या पिशव्या मांडल्या. एका दिवसाचे कपडे एका पिशवीत, गुंडाळी करून, वर वाराची चिठ्ठी. दीर शेजारी बसून यादी वाचत होता. माझा नवरा बाहेर फोनवर बोलत होता.

मुलगी जावेजवळ जाऊन बसली ती उठेचना. "मम्मी, काकूसारखं माझं पण भर ना."

"आपल्याला तसलं न्हाई लागत," मी म्हटलं.

सासूबाई दारात उभ्या होत्या. "बघ, कसं बराबर भरून राह्यली ती," त्या मला म्हणाल्या. वाईट हेतूनं नाही, सहज. पण माझ्या दशम्यांचं कुणी काहीच बोललं नव्हतं, आणि ते वाक्य रात्रीपर्यंत माझ्या कानात बसून राहिलं.

पहाटे सामान गाडीत चढलं. डिकी गच्च झाली आणि माझी डब्यांची पिशवी बाहेरच उरली. सीटच्या पायाशी तेवढी एक जागा होती, तिथं जावेची छोटी निळी बॅग ठेवलेली. जाऊ लेकरांना बाथरूमला घेऊन गेली होती, पुरुष टायरची हवा बघत होते. मी निळी बॅग उचलली, घरात नेऊन दिवाणावर उशीमागे ठेवली आणि तिच्या जागी माझी पिशवी सरकवली. मला वाटलं, तिचं पावडर-क्रीमचं सामान असेल. राहू दे एकदा तिचं काहीतरी मागं.

जिंतूर गेलं आणि माझ्या मुलाला उलटी झाली. त्याच्या अंगावर, माझ्या साडीवर, सीटवर.

"ताई, पायाशी निळी बॅग आहे ती द्या," जाऊ म्हणाली. "मागच्या वेळी जालन्याला जाताना त्याला त्रास झाला होता, म्हणून त्याच्यासाठीच वेगळी भरलीय. टॉवेल आहे, पिशव्या आहेत, आवळासुपारी आहे."

मी पायाशी शोधल्यासारखं केलं. "न्हाई दिसत," म्हटलं.

गाडी थांबवून सगळी डिकी रस्त्याच्या कडेला उतरवावी लागली. माझी मोठी बॅग उघडली. लेकरांचे कपडे, साड्या, नवऱ्याचे शर्ट, सगळ्यांचा एक गोळा झाला होता. "हे काय भरलंय तू?" नवरा म्हणाला. मी उकरत बसले तोवर जावेनं तिच्या गुरुवारच्या पिशवीतून स्वतःच्या मुलाचा शर्ट-चड्डी काढून माझ्या मुलाला घातलीसुद्धा. खरं तर तेव्हा लाजच वाटायला हवी होती, आणि वाटलीही. पण तिच्याखाली जळणं तसंच होतं. माझ्या लेकराला उलटी होते हे तिच्या ध्यानात राहिलं, माझ्या राहिलं नाही.

तेवढ्यात घरी थांबलेल्या सासूबाईंचा फोन आला. निळी बॅग दिवाणावरच राह्यली म्हणून.

"मीच विसरले असेन," जाऊ म्हणाली.

दीर हसला. "एवढी यादी केली आणि मंग उपयोग काय?" परभणीपर्यंत तो तिला चिडवत राहिला. पहिल्या वेळी मला बरं वाटलं. दुसऱ्या वेळीही वाटलं. नंतर ती खिडकीकडे तोंड करून बसली आणि बोटावर काहीतरी मोजायला लागली. बहुतेक बॅग कुठं ठेवली होती ते आठवून पाहत होती.

नांदेडला चहाला थांबलो. पुरुष लेकरांना घेऊन पुढं गेले, तेव्हा मी तिला म्हटलं, "ती बॅग मी ठेवली घरी. जागा पाह्यजे होती, पण नुसतं तेवढंच न्हाई. मुद्दाम ठेवली."

तिनं विचारलं, "का?"

"तुझं सगळंच नीट असतं म्हणून."

"ताई, मला राग आलाय," ती म्हणाली. "थोडा वेळ माझ्याशी बोलू नका." चहा तसाच ठेवून ती गाडीत जाऊन बसली. मी दिराला बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं. तो सरळ गाडीकडे गेला.

हैदराबादपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. मध्ये लेकरांना भूक लागली, मी दशम्या काढल्या. तिनं सगळ्यांना वाढल्या, स्वतःही दोन खाल्ल्या, चटणी पुन्हा मागून घेतली, पण ती माझ्या मुलीकडून. हैदराबाद आलं तेव्हा माझा मुलगा तिच्या मांडीवर झोपला होता. "दे इकडं, तुला जड होईल," मी म्हटलं.

"राहू द्या, उठेल तो," ती म्हणाली. नांदेडपासूनचं तिचं माझ्याशी ते पहिलं बोलणं. मी हात मागं घेतला. तो तिथंच झोपला, तिचा पदर मुठीत धरून, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.