तिला पेट्रोल ऐकू यायचं

मोलगीच्या बाजारात आम्ही दोघांनी एकाच कागदावर भजी खाल्ली. दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधंसुधं काम ते. माझ्या बायकोला, वच्छलाला, आमचूर घ्यायचा होता. तळोद्यात मिळतो, पण तिला मोलगीचाच पाहिजे, तोही त्याच एका म्हातारीकडचा. फडकं टाकून बसलेली ती म्हातारी तिच्या डोंगरातल्या बोलीत बोले, वच्छला अहिराणीत बोले, आणि दोघी अशा भांडत होत्या की बघणाऱ्याला वाटावं आता झिंज्या धरतात. भांडण संपलं आणि म्हातारीनं एक मूठ जास्तच टाकली. वच्छलानं तिला अर्धी भजी दिली. माझ्या वाटणीची. मी बोललो, तर म्हणाली, "तुम्हले डाक्टरनी तेलकट बंद करेल शे, इसरी गयात का?" डॉक्टरनं तिलाही तेच सांगितलं होतं, पण ते ती कधी बोलायची नाही.

याला आता सहा आठवडे झाले. मी सातवीपर्यंत शिकलो, त्यातही सहावीत दोनदा बसलो. हे लिहिलेलं माझ्या मुलीनं नीट करून दिलंय, पण एक शब्दही गोड करायचा नाही असं तिला बजावून ठेवलं होतं. दुखवट्याला दारावर आलेल्या माणसांनी मला फार चांगलं म्हटलं. "मिस्तरी, तुम्ही काय कमी धावपळ केली?" मी मान हलवत बसलो. ते खोटं आहे. पेपरात छापून आलं म्हणजे पुन्हा कोणी तसं म्हणणार नाही, म्हणून लिहितो.

माझं गॅरेज तळोद्यात, चाळीस वर्षं. डोंगरात चालणाऱ्या जीपा माझ्याकडेच यायच्या. लोक म्हणत मिस्तरीचा हात चांगला. हात होता, खोटं कशाला बोलू... पण कान वच्छलाचा होता. पत्रा ठोकून ठोकून माझे कान पन्नाशीच्या आधीच गेले. जीपवाला येई, म्हणे, पुढून कायतरी वाजतंय. मी बोनेट उघडून वाकायचो, मला सगळीकडून एकच गरगर ऐकू येई. मग मी घराकडे तोंड करून हाक मारायचो. ती पिठाच्या हातानं बाहेर यायची, पदर कानामागे सारायची, आणि उभ्या उभ्या सांगायची, "मांगला डावा चाक. बेअरिंग खायी जायेल शे." आणि परत पोळपाटाशी. मी चाक उघडायचो, बेअरिंग गेलेलंच असायचं. नंतर तर जीपवाले मला विचारायचेच नाहीत. गाडी उभी करून थेट ओट्यावरून ओरडायचे, "ओ मिस्तरीन, जराशी आयकी द्या ना!" मला राग यायचा. आता वाटतं, यायला नको होता.

मोलगीला आम्ही ज्या लाल गाडीतून गेलो ती आमच्याकडे कशी आली ते सांगतो. तापीकाठचा एक केळीवाला बागायतदार, घरात गुजराती बोलणारी माणसं, त्यांच्या पोरानं सुरतहून जुनी स्पोर्ट्स कार आणली. दोन दारं, दोनच माणसं, आणि जमिनीला इतकी टेकलेली की रस्त्यावर वाळत घातलेली ज्वारी खालून खरवडून जाईल. गावच्या पहिल्याच स्पीडब्रेकरवर तिचं पोट फाटलं. पेट्रोलची टाकी फुटली. पोरगं पुढं परदेशी गेलं आणि बापाला ती अंगणात डोळ्यासमोर नको झाली. मला म्हणाला, "मिस्तरी, लई जाओ आने." मी ओढून आणली, टाकी सांधली, आणि म्हातारपणी आम्ही दोघं लाल गाडीत फिरायला लागलो. पहिल्या दिवशी वच्छला आत बसली आणि म्हणाली, "हाई बसनं शे का पडनं?" मोलगीच्या स्टँडवर जीपवाले तर छळायचे. "दादा, गाडी उभी करा ना, बसी कसाले ऱ्हायनी ती?" ती आतून उत्तर द्यायची, "तुमनी उभी शे म्हणीसन तर दर वळणले पडस!"

या गाड्यांचं एक आहे. पळायला वाघ, पण पेट्रोलचा हिशेब लागत नाही. पुस्तकात टाकी पन्नास लिटरची, पण आमच्या टाकीत कधी पंचेचाळीसच्या वर गेलं नाही. गाडी बुटकी, म्हणून टाकीही चपटी, भाकरीसारखी पसरलेली. उभ्या टाकीत पेट्रोल कमी झालं की तरंगता गोळा खाली येतो आणि काटा खाली येतो. सरळ काम. चपट्या टाकीत दोन बोटं पेट्रोल इकडून तिकडं गेलं तरी काटा उड्या मारतो. चढावर वर जायचा, उतारावर खाली यायचा, वळणावर तर देव जाणे. काडी घालून मोजावं तर नळी वाकडी, काडी आत जात नाही. म्हणून आमच्या घरात त्या काट्याला इज्जत नव्हती. मी त्याला खोटारडा म्हणायचो.

त्यावर इलाज वच्छलाचा. मोटरसायकलवाले गाडी हलवून टाकीचा आवाज ऐकतात, तसंच ती करायची. निघायच्या आधी मागच्या बाजूला जाऊन कमरेनं एक धक्का द्यायची, आणि डोळे मिटून उभी राहायची. मला काहीच ऐकू यायचं नाही. ती सांगायची, हंड्यांत. "दीड हंडा शे." तिचा हंडा बारा लिटरचा. पंपावर जाऊन भरायला लागलो की ती बरोबर निघायची, लिटरभर इकडं तिकडं. एवढ्या वर्षांत आम्ही एकदाही रस्त्यात अडकलो नाही. एकदाही नाही. हे लक्षात ठेवायला हवं होतं, ते मी ठेवलं नाही...

त्या दिवशी सकाळीही तिनं धक्का दिला होता. म्हणाली, "एक हंडावर थोडं शे. जाईसन येवाले पुरी, वर उरी." मी म्हटलं, पुरेल, तरी भरून घेऊ. ती म्हणाली, पंप उलट्या बाजूला, कशाला, ऊन व्हायच्या आत बाजार गाठू. आम्ही निघालो.

परत निघालो तेव्हा बारा वाजत आले होते. घाट लागला तशी ती गप्प झाली. वच्छला गाडीत गप्प बसत नसे. मी बघितलं तर तोंडाला घाम, हात छातीवर. म्हणाली, "भजानं व्हई ऱ्हायनं." मला कळलं की भज्यांचं नाही. मी गाडी दामटली. अक्कलकुव्याचा दवाखाना तिथून वीस-बावीस किलोमीटर. घाट उतरताना मध्येच एक खडा चढ लागतो, खालून वर बघितलं तर भिंतच. त्या चढावर अर्ध्यात गाडीनं दोन गचके दिले आणि बंद पडली. काटा पावच्या वर होता. चावी मारली, इंजिन नुसतं फिरलं, पकडलं नाही. पुन्हा मारली. पुन्हा. मी म्हटलं, सरलं पेट्रोल, हा खोटारडा काटा...

खाली उतरलो, दार आपटलं. मोबाइलला त्या वळणावर रेंज नसते. दोन्ही बाजूला माणूस नाही. रागानं मी गाडीच्या मागच्या बाजूला लाथ घातली, गाडी हलली. आतून ती म्हणाली, हळू, पण मला ऐकू येईल एवढं म्हणाली, "शे ना पेट्रोल. आयका. मांगे वाजी ऱ्हायनं."

मी काय बोललो ते लिहितो. मी म्हणालो, "चूप पडी ऱ्हाय. तुन्हा कानबी गयात आते. तूच सांगेल व्हतं ना, पुरी म्हणीसन!"

ती भांडली नाही. त्या म्हातारीशी मूठभर आमचूरसाठी भांडणारी बाई, माझ्याशी भांडली नाही. थोड्या वेळानं एकदा फक्त "मांगे..." म्हणाली. मला वाटलं तिला मागं टेकायचंय. मी सीट मागं केली.

चाळीस मिनिटांनी जीप आली. ओळखीचाच ड्रायव्हर, त्यानं बाजाराची माणसं खाली उतरवली, पोती फेकली, तिला आडवी घेतली. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. खालच्या मोरीपाशी जीप आदळली तेव्हा मला कळलं की ती संपलीय. मी ड्रायव्हरला सांगितलं नाही. म्हटलं, तो हळू चालवेल. दवाखान्यात डॉक्टर तरुण होता. मी विचारलं, अर्धा तास आधी आणली असती तर? तो म्हणाला, "बाबा, आता तसा विचार नका करू." हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही.

संध्याकाळी उजेड होता तोवर सगळं आटोपलं. जावयानं मला घरी आणून बसवलं. माणसं येत होती, जात होती. मी सगळ्यांना एकच सांगत होतो, पेट्रोल संपलं, काय करणार, त्या गाडीचा काटाच तसा. सगळे म्हणाले, खरंय. एकानं तर तिचंही काढलं, वच्छलाबाईंचा कान आता वयानं... मी त्याला अडवलं नाही. माझ्याच ओट्यावर बसून, तिला जाऊन आठ तास झाले नव्हते आणि मी अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोणाला न सांगता निघालो. हातात पिशवी, पिशवीत नट खोलायचे पाने, पाच लिटरचा रिकामा कॅन आणि पाण्याच्या लिटरच्या दोन बाटल्या. पहिली एसटी धरली, पुढं एका जीपवाल्यानं घाटात सोडलं. गाडी होती तशीच होती, चढावर नाक वर करून. तिच्या चपला आत पडलेल्या. आमचुराची पुडी सीटवर. मी खाली पडलो, सरपटत टाकीखाली गेलो. टाकी सांधताना मीच तिला तळाला, मागच्या टोकाला, एक नट बसवला होता. तो सोडला.

पेट्रोल आलं. मला वाटलं उरलंसुरलं असेल, पेलाभर. ते येतच राहिलं. कॅन भरला. बाटल्यांतलं पाणी ओतून दिलं, एक बाटली लावली, ती भरली, दुसरी लावली, तीही भरली. सात लिटर. तिथून दवाखान्यात जाऊन, परत येऊन, पुन्हा गेलो असतो एवढं. पेट्रोल आहे, एवढं तरी काटा खरं सांगत होता. वच्छला खरं सांगत होती. आणि तिथं पाठीवर पडल्या पडल्या मला आठवलं. या गाड्यांच्या टाकीत पुढच्या बाजूला पेट्रोल ओढणारा पंप असतो आणि त्याच्याभोवती एक वाटी असते. चढावर सगळं पेट्रोल मागं सरकलं तरी वाटीत थोडं धरून राहतं, पंपाला हवा ओढावी लागत नाही. टाकी सांधताना ती वाटी मला आडवी येत होती, हात जात नव्हता. मी ती कापून फेकून दिली होती. चालते गाडी, म्हटलं, काय फरक पडतो. टाकी भरलेली असायची तोवर फरक पडलाही नाही. तिनं एवढी वर्षं मला पेट्रोल कमी पडू दिलं नव्हतं.

करायचं होतं ते एवढंच. हँडब्रेक सोडायचा, गाडी वीस पावलं मागं सपाटीवर घरंगळू द्यायची, चावी मारायची, आणि तोंड फिरवून तो चढ रिव्हर्समध्ये चढायचा, म्हणजे पेट्रोल पंपाकडे सरकतं. मांगे, ती म्हणत होती.

नट आवळला. सातही लिटर परत टाकीत ओतलं. थोडं सांडलं. आत बसलो, हँडब्रेक सोडला. गाडी मागं गेली, सपाटीवर थांबली. चावी फिरवली. इंजिननं थोडं आढेवेढे घेतले आणि पकडलं.

मग मी ती बंद केली नाही. कुठं जायचं होतं मला? उतरलो, रस्त्याच्या कडेला दगडावर बसलो आणि चालू दिली. एकदोन जीपा थांबल्या, काही पाहिजे का विचारून गेल्या. ऊन डोक्यावर आलं. मला शोधत जावई मोटरसायकलवर दुपारी तिथं पोहोचला. तेव्हाही ती चालूच होती.