अक्कांचं खमंग

कमलाक्कांनी मला दोन दिवाळ्या फसवलं. माझ्याच दुकानात, माझ्याच कढईपाशी बसून.

राजाजीनगरातलं हे फराळाचं दुकान मी रस्त्यावरच्या टोपलीपासून उभं केलं. चकलीची भाजणी मात्र अक्कांची. मूळच्या निपाणीकडच्या, राहायला चामराजपेटला. कढईतली डाळ कामाच्या बायका परतायच्या. अक्का शेजारी बसून राहायच्या, मग ताटलीत मूठभर डाळ मागवून, डोळे मिटून हुंगायच्या आणि म्हणायच्या, “खमंग.” तो शब्द आल्याशिवाय कढई उतरवायची नाही, असा कायदा होता.

शब्द त्या उधळत नसत. पुण्याहून या कानडी शहरात नोकरीला आलेली एक गिऱ्हाईक मुलगी काउंटरवर मला म्हणाली, “काकू, श्रीखंड एकदम खमंग हं!” अक्का आतून कडाडल्या, “इस्तू न बघितलेल्याला, चुलीवर न चढलेल्याला खमंग म्हणतीस? गोड म्हण की! खमंग म्हंजे करपायच्या एक श्वास आधीचं.” मुलगी गेली ती परत आली नाही. मी चरफडले. पण पाकिटांवर ‘खमंग’ छापलं, ते अक्कांच्याच जोरावर.

मग एकदा शेजारच्या शेगडीवर दूध करपलं. दुकानभर वास. अक्का तिथंच, ढिम्म.

दुसऱ्या दिवशी सगळ्या बायकांसमोर, अक्कांनी डोळे मिटताच मी ताटली बदलली. कच्ची डाळ नाकाखाली धरली.

“खमंग,” अक्का म्हणाल्या.

बायका फिदीफिदी हसल्या. मी त्यांना हसू दिलं.

“अक्का, डोळे उघडा. कच्ची आहे.”

“स्वल्प सर्दी झालीया.”

“कधीपासून?”

“दोन वर्सांमागं ताप आला हुता, तवापासनं. वास येतच न्हाई.”

“म्हणजे दोन वर्षं नुसतं सोंग?”

“माझं नाक गेलं. तुझं हुतं न्हवं? एक तरी घाणा बिघडलेला घावला तुला?”

“उद्यापासून येऊ नका.”

पदराला हात पुसून त्या उठल्या. कुणी दारापर्यंतही गेलं नाही.

तेव्हापासून भाजणी कधी कच्ची, कधी काळी. जुनी गिऱ्हाइकं पाकिटं परत आणतात. मी स्वतः हुंगते, बायका हुंगतात. कढई उतरवायची वेळ कुणालाच साधत नाही.

परवा चामराजपेटला गेले. अक्कांनी खिडकीतून पाहिलं आणि कडी घातली. मी गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, “अक्का, माफी मागायला आले नाही मी! वास येत नव्हता, तर दोन वर्षं कढई कशावरून उतरवलीत? माझ्या चुलीवर शिकलात ते. बोला!”