दाढ, गोळी आणि मान हलवणारा डॉक्टर

ती घटना आजही माझ्या डोक्यातून जात नाही, आणि गंमत म्हणजे तिच्यात ना खून होता ना दरोडा. होती एक उपटलेली दाढ.

शांती नगरात एका डॉक्टर नवरा-बायकोचा दातांचा दवाखाना होता. दुपारी आमच्या पोलीस ठाण्यात निनावी फोन आला, मीच घेतला. माणूस हिंदीत बोलत होता. "मॅडमने बुढ़िया की दाढ़ निकाली, खून रुक नहीं रहा. वो खून की गोली खाती है, मॅडमने पूछा तक नहीं. केस करो उनपे." नाव विचारताच फोन ठेवला.

खारी गावातल्या त्या आजी तोपर्यंत रुग्णालयात होत्या. तोंडात बोळे, बोलणं बंद. मुलगा रागाने लाल झाला होता. आईची कसली गोळी, हे त्याला ठाऊकच नव्हतं. संध्याकाळी सुनेने घरून गोळ्यांचं रिकामं पाकीट आणलं, तेव्हा कळलं की आजी हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी घेतात. मी तिथेच चमकलो. घरच्यांना संध्याकाळी कळलेली गोष्ट फोनवाल्याला दुपारीच कशी माहीत?

डॉक्टरवर थेट गुन्हा दाखल करता येत नाही, आधी सरकारी डॉक्टरांचा अभिप्राय लागतो. तो मागवला आणि जबाब घ्यायला बसलो. मॅडम रडवेल्या झाल्या होत्या. "पेशंटला काय आजार, काय गोळ्या, हे बाहेर मिस्टर विचारतात. ते काही बोलले नाहीत, म्हणून मी दाढ काढली." मिस्टर शांत होते. "आजी काहीच म्हणाल्या नाहीत, सर."

आजींना बोलता येऊ लागलं तशी मी खाटेजवळ खुर्ची ओढली.

"सांगलं व्हतं ना त्याला! रगताची गोली खातंय म्हनून. मान हालवली त्यानं. मी काय खोटं बोलतंय?"

मिस्टरांना पुन्हा बोलावलं. आता सूर बदलला. "हां, रक्ताची गोळी म्हणाल्या असतील. मला वाटलं, रक्त वाढायची. लोहाची. बऱ्याच बायका घेतात." उत्तर बिनतोड होतं. आपल्याकडे दोन्ही गोळ्यांना लोक रक्ताचीच गोळी म्हणतात.

मी विषय सोडला आणि चहा मागवला. मग मॅडमचं कौतुक सुरू केलं. हात किती हलका, जेसल पार्कातूनसुद्धा लोक येतात म्हणे. गृहस्थाचा जबडा आवळत गेला. हा चेहरा मी ओळखतो. बॅचमधल्या कोणाला चांगलं ठाणं मिळालं की आमच्या मेसमध्ये असे चेहरे दिसायचे, माझाही त्यात असायचा.

"डॉक्टर," मी म्हणालो, "लोहाची गोळी वाटली, मग पोलिसांना फोन कशाला केलात?"

कप बशीवर आपटला. मग माणूस फुटला.

"बोर्डावर नाव माझं वर आहे, साहेब. सीनियर मी आहे. आणि दारातून आत आलेला प्रत्येक जण विचारतो, मॅडम आहेत का? मी रिकामा असलो तरी बसून राहतात, मॅडमसाठी! मी स्वतःच्याच दवाखान्यात कारकुनी करतोय. वाटलं, थोडं रक्त येईल, तिची एकदा फजिती होईल. इतकं होईल असं नव्हतं वाटलं."

जीव धोक्यात घातल्याचा गुन्हा त्यांच्यावर दाखल झाला. आजी वाचल्या.

या केसने मला एक सवय लावली. दवाखान्यात मी माझ्या गोळ्या बाहेर सांगतो आणि खुर्चीत बसल्यावर, पक्कड ज्याच्या हातात आहे त्याला, पुन्हा सांगतो. डॉक्टर हसतात, हसोत. निष्काळजी माणूस निदान विसरतो तरी. जळणाऱ्याच्या सगळं लक्षात असतं आणि तो गप्प बसतो.

त्या कबुलीच्या दिवशी मॅडम ठाण्याच्या व्हरांड्यात बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. "माझंही चुकलंच," त्या म्हणाल्या. "दाढ मी काढत होते, विचारायला मीच हवं होतं." मग माझ्याकडे न बघता विचारलं, "साहेब, ह्यांना आजींचं नीट ऐकू आलं होतं का हो? तिथे कॉम्प्रेसरचा खूप आवाज असतो."

मी म्हणालो, "आलं होतं."