येथे तेल टाकू नये

"माझं चुकलं" हे दोन शब्द माझ्या तोंडून सहसा निघत नाहीत. शेत, ट्रॅक्टर आणि सासरचा गोतावळा सांभाळायचा तर बाईनं ते फारसे म्हणूही नयेत, या मताची मी आहे. एकदाच म्हणाले, तेही तीन दिवस गिळून बसल्यावर, त्याची ही हकीगत.

आमचे हे एस.टी.च्या वर्कशॉपात मिस्त्री होते. मी इथं देऊळघाटला वांगी, मेथी, सांभार लावायची. सांभार म्हणजे कोथिंबीर, पुण्याकडच्या पाहुण्यांना दरवेळी सांगावं लागतं. ह्यांचा दिवस बसच्या इंजिनात जायचा, त्यामुळे घरच्या ट्रॅक्टरकडे बघायला कोणी नव्हतं. मीच शिकले. चालवायला शिकले आणि त्याची निगा राखायलाही. आमचा ट्रॅक्टर जुना. त्याच्या एअर क्लीनरखाली एक वाटी असते, तिच्यात खुणेपर्यंत तेल भरायचं, म्हणजे हवेतली धूळ तेलात बसते आणि इंजिनात स्वच्छ हवा जाते. दर आठवड्याला ती वाटी काढायची, गाळ पुसायचा, ताजं तेल ओतायचं. वीस वर्षं मी हे करते आहे. वाटी कोरडी राहिली की इंजिनाची वाट लागलीच म्हणून समजा.

हे रिटायर झाले आणि पहिला महिना नुसते झोपले. दुसऱ्या महिन्यात घरातलं जे जे मोडलेलं होतं ते दुरुस्त केलं, आणि मग जे मोडलेलं नव्हतं तेही उघडून ठेवलं. पुढं मात्र वेगळंच सुरू झालं. विहिरीची मोटार चालू ठेवून गावात गेले, वांग्यांच्या वाफ्यांत गुडघाभर पाणी. चष्मा कपाळावर आणि शोध घरभर. सख्ख्या पुतण्याला दुसऱ्याच्याच नावानं हाक मारली. मी हसण्यावारी नेलं, पण ह्यांनी नाही नेलं. एक दिवस ओसरीवर बसून म्हणाले की ज्या मिस्त्रीचा भरवसा स्वतःवरच राहत नाही, त्यानं पान्याला हात लावू नये. आयुष्यभर ज्या हातांचा ह्यांना अभिमान, त्या हातांनाच हे भ्यायला लागले होते.

म्हणून ह्यांनी ती गाडी आणली तेव्हा मी वरवर तणतणले, पण आतून बरंच वाटलं. जालन्याच्या एका डॉक्टरांची, लाल रंगाची, दोनच माणसांची, जमिनीला टेकलेली स्पोर्ट्स कार. वीस वर्षांहून जुनी. तिच्यात बसायचं म्हणजे विहिरीत उतरल्यासारखं उतरावं लागतं आणि निघताना कोणाला तरी हात द्यावा लागतो. लुगड्यावर त्या गाडीत बसून दाखवा, मग बोला. डॉक्टरांच्या गॅरेजात उंदरांनी तिच्या एअर फिल्टरचा प्लास्टिकचा डबा कुरतडून त्याची चाळण केली होती. तो डबा कुठंच मिळेना, कारण कंपनीनं ती गाडीच बनवणं बंद केलेलं. तेव्हा हे म्हणाले, आपण स्वतः बनवू.

आणि बनवला. शेडमागं जुन्या तुषार सिंचनाचे अल्युमिनियमचे पाईप पडलेले होते, त्यातला एक कापला. चिखलीच्या वेल्डिंगवाल्याकडून त्याला दोन ठिकाणी वळण घालून आणलं. सांध्यांना बसच्या रेडिएटरचं जाड रबर आणि क्लिपा. इंजिनाची गरम हवा आत जाऊ नये म्हणून फिल्टरभोवती पत्र्याची पेटी हवी होती. तर एका दुपारी मी बाजारातून आले आणि बघते तो काय, माझी तूरडाळ चादरीवर पसरलेली आणि डाळीचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा कापून उभा चिरलेला. त्या दिवशी मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. हे खाली मान घालून पत्र्याच्या कडा कानशीनं घासत राहिले. पण मान खाली असली तरी हसत होते, हे मला दिसलं, आणि माझा राग तिथंच अर्धा झाला.

फिल्टर तेवढा विकतचा. बारीक जाळीचा, गोल, पार्सलनं आला. बसवायला चार दिवस लागले. प्रत्येक क्लिप आवळली की हे खडूनं पाटीवर खूण करायचे, आणि संध्याकाळी पाटी घेऊन एकेक क्लिप पुन्हा तपासायचे. एवढी वर्षं कधी पाटी लागली नव्हती ह्यांना. पाचव्या दिवशी किल्ली फिरवली आणि गाडी अशी घुमली की दावणीची म्हैस दचकून उभी राहिली. पैनगंगेच्या पुलापर्यंत चक्कर मारून आले तेव्हा ह्यांचं तोंड लग्नातल्या फोटोतल्यापेक्षा चांगलं दिसत होतं.

लोणारला ह्यांच्या जुन्या जोडीदाराच्या निवृत्तीचं जेवण होतं. वर्कशॉपातले सगळे जमणार होते. ह्यांनी आधीच फोन करून सांगून टाकलं की आम्ही दोघं आमच्या गाडीनं येतो, हवेचा रस्ता मी स्वतः बनवला आहे, बघायला तयार राहा.

निघायच्या दिवशी हे आंघोळीला गेले होते. बॉनेट उघडंच होतं. मी सहज डोकावले. पेटीचं झाकण उचललं, फिल्टरला बोट लावलं, तर कोरडा ठणठणीत. वर पुलाच्या चकरेची पातळ धूळ. माझ्या मनात एकच आलं की हे तेल घालायला विसरले. मोटार विसरले, चष्मा विसरले, आता हेही विसरले. आणि तिथं लोणारला, सगळ्या मिस्त्र्यांच्या देखत, कोणीतरी झाकण उघडून म्हणेल, अरे, तेलच नाही. मला ते सहन होईना. हाक मारून सांगितलं असतं तर ह्यांचा धीर तिथंच खचला असता. मग मी शेडमधून ट्रॅक्टरच्या तेलाचा कॅन आणला आणि अर्धी वाटी तेल त्या फिल्टरला चारही बाजूंनी निगुतीनं पाजलं. झाकण लावलं, हात पुसले, काष्टा सारखा केला आणि गाडीत उतरून बसले. मोठं काम केल्याचं समाधान होतं मला, खोटं कशाला बोलू.

चिखली ओलांडून मेहकरच्या रस्त्याला लागलो आणि गाडी उचक्या द्यायला लागली. मागं काळा धूर. चढ आला, आणि चढावर बंदच पडली. ह्यांनी बॉनेट उघडलं. पेट्रोल बघितलं, प्लग बघितले, वायर बघितल्या, सगळ्या क्लिपा बघितल्या. पत्र्याच्या पेटीचं झाकण मात्र नाही उघडलं. आतला फिल्टर स्वतःच्या हातानं बसवलेला, तिथं काय बघायचं? एक बस थांबली. ड्रायव्हरनं ओळखलं, उतरून पाया पडला आणि विचारलं, "मिस्त्रीकाका, तुमच्या हातची गाडी कशी काय बंद पडली?" बिचाऱ्यानं आदरानंच विचारलं होतं. पण ह्यांचा चेहरा बघवेना.

माझा माल बाजारात नेणारा टेम्पोवाला आहे, त्याला मी फोन करून बोलावलं. त्यानं दोर बांधला आणि भाजीच्या रिकाम्या क्रेटांमागून आमची लाल राणी घरी निघाली. रस्त्यानं पोरं हात करत होती. ह्यांना बोलतं करावं म्हणून मी विचारलं की नेमकं काय बिघडलं असेल. तेव्हा ह्यांनी समोर बघत सांगितलं. या गाडीत पाईपच्या आत केसासारखी बारीक तार असते, ती आत जाणारी हवा मोजते. तिच्यावर तेलाचा शिंतोडा बसला तरी ती खोटं माप देते आणि इंजिनाचं तंत्र बिघडतं. म्हणून तर कोरड्या जातीचा फिल्टर मागवला, त्याला तेल लागतच नाही. "मी सगळं बराबर केलं होतं," हे म्हणाले. "निदान मले तसं वाटते."

म्हणजे गाडी मीच बंद पाडली होती. तिथंच सांगायला हवं होतं. जीभ उचलली नाही.

दुसऱ्या दिवशी, आपलीच चूक दिसेल या भीतीनं पेटी न उघडताच, ह्यांनी पाने, पकडी, कानशी, सगळं पुसून गोणीत भरलं आणि गोणीचं तोंड सुतळीनं शिवलं. मग जालन्याच्या डॉक्टरांना फोन लावून कोणी गिऱ्हाईक असेल तर बघा म्हणून सांगितलं. रविवारी सकाळी एक माणूस गाडी न्यायला येणार असं ठरलं. मी दोन दिवस भांडी आपटली, गड्यांवर उखडले, म्हशीला शिव्या दिल्या. राग सगळा माझा माझ्यावर होता, पण मार बाकीच्यांना बसत होता.

शनिवारी सकाळी आम्ही दोघं मेथीच्या जुड्या बांधत बसलो होतो. ह्यांच्या हातातली जुडी दोनदा सुटली. ह्यांनी हात उलटे-पालटे करून बघितले, अगदी परक्या माणसाचे असल्यासारखे. मग मात्र माझा बांध फुटला.

"माह्यं चुकलं," मी म्हणाले. "त्या फिल्टरले तेल मी टाकलं होतं."

मला वाटलं आता भडकतील. मी तर भडकलेच असते, पंधरा दिवस अन्न गोड लागू दिलं नसतं. ह्यांनी जुडी खाली ठेवली.

"किती?"

"अर्धी वाटी."

"कोनतं?"

"ट्रॅक्टरचं."

हे उठले. विळ्यानं गोणीची सुतळी कापली. मी मेथी तशीच टाकून मागं गेले. पेटीचं झाकण उघडलं तर आत तेल थबथबलेलं. फिल्टर बाहेर काढून माझ्या हातात दिला आणि साबणाच्या पाण्यात धू म्हणाले. मी मुकाट्यानं धुतला. ह्यांनी पाईपमधून ती तार काढली, स्प्रे मारून साफ केली, सुकू दिली. फिल्टर दिवसभर सावलीत सुकला. उन्हं कलली तेव्हा किल्ली फिरवली. म्हैस पुन्हा उठून उभी राहिली, आणि मी पदरात तोंड घालून रडले. ह्यांनी आधी डॉक्टरांना फोन केला की त्या माणसाला पाठवू नका. मग माझ्याजवळ येऊन उकिडवे बसले.

"मी इसरलो असं वाटलं तुले?"

"हाव."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

मी डोळे पुसले आणि सकाळपासून पडून राहिलेली मेथी आवरायला उठले.

रविवारी ह्यांनी पांढरा रंग आणि बारीक ब्रश घेतला आणि बसमध्ये सूचना लिहितात तशा ठसठशीत अक्षरांत माझ्या डाळीच्या डब्यावर लिहिलं : येथे तेल टाकू नये. मी चिडले. म्हटलं, आता जन्मभर हे माझ्या डोक्यावर मिरवा. हे नुसते हसले.

पुढच्या आठवड्यात लोणारला गेलो. जेवण हुकलं होतं, पण ह्यांच्या जोडीदारानं सगळ्यांना पुन्हा घरी बोलावलं होतं. चहा व्हायच्या आधीच सगळे बॉनेटभोवती गोळा झाले. पाईपाची वळणं बघितली, क्लिपा हलवून बघितल्या, पत्र्यावर बोटं वाजवली. मग एकानं ती अक्षरं मोठ्यानं वाचली आणि विचारलं की हे कोणासाठी लिहिलं आहे. सगळे हसले. मी मागं उभी होते. आता हे सांगणार, आणि पुढची वीस वर्षं ही सगळी मंडळी प्रत्येक लग्नात मला तेलावरून चिडवणार.

ह्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"माह्यासाठीच," हे म्हणाले. "आजकाल इसरतो मी."