बरी झाल्याचं ऐकून मी खोटं बोलले

मैत्रिणींनो, हे घरात कुणाला सांगता येत नाही, म्हणून इथे लिहितेय.

परीच्या जन्मानंतर माझ्या पोटाचे स्नायू मधोमध वेगळे झाले होते. बेंबीच्या वर दाबलं की तीन बोटं आत जायची. चार महिन्यांपासून दर मंगळवारी मी आमच्या शहरातल्या लालबाग भागात फिजिओथेरपीच्या ताईंकडे व्यायामाला जाते.

आज त्यांनी मला झोपवून डोकं उचलायला लावलं, पोटावर बोटं ठेवली आणि हसल्या. "अरे वा! एकच बोट राहिलं गं. अब घर पे ही कर, आता यायची गरज नाही."

आनंद व्हायला हवा होता. पण माझ्या तोंडून निघालं, "ताई, कंबर अजून दुखते."

कंबर दुखत नव्हती.

हे सकाळीच जवळच्या निंबोला गावी केळीच्या बागेत कामावर जातात. सासूबाई चांगल्या आहेत, परीला जीव लावतात. पण दिवसभर बोलणं एकच: दूध पाजलं का, झोपली का. "तुला कसं वाटतंय?" हे फक्त ताई विचारतात. मग उत्तर ऐकायला थांबतातही.

ताईंनी कंबर दाबून पाहिली. "इथे दुखतं की इथे?"

मी दोन्हीकडे हो म्हटलं. त्यांनी आणखी दोन मंगळवार लिहून दिले आणि बाहेर नंबर लावून बसलेल्या पुढच्या बाईला आवाज दिला.

घरी येताना रिक्षात मला रडू आलं.

तुम्हीच सांगा, हे दोन मंगळवार संपले की कुठे दुखतंय म्हणून सांगू?